वकीलबाईंना विचारा : फाशी झाली तरी गिरणी बंदच

गेल्या अंकात भाडेकराराच्या प्रश्नाला उत्तर देता देता मी एक वाक्य लिहून गेले. अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात शिक्षा कडक झाली म्हणून गावातला जातीचा राग उतरला, असं मी तरी पाहिलेलं नाही, असं ते वाक्य होतं. भाडेकरार राहिला बाजूला आणि त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. काहींनी मला आरोपींची वकील ठरवलं, काहींनी शाबासकी दिली. शाबासकी देणाऱ्यांची पत्रं वाचून मी जास्त घाबरले. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं कुणाचीच छापत नाही, कारण पत्र लिहिणाऱ्यांना त्याच गावात राहायचं आहे.

वकीलबाई, सप्रेम जयभीम. मी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, गाव परभणी जिल्ह्यात. कुठं काही घडलं की आम्ही मोर्चा काढतो, ‘फाशी द्या’ म्हणतो. तुम्ही म्हणता शिक्षेने काही होत नाही. मग आरोपींना हार घालायचे का? खैरलांजीत फाशी झाली असती तर पुढच्यांना जरब बसली नसती?

जयभीम. हार घालू नका. शिक्षेने काहीच होत नाही असंही मी म्हटलेलं नाही. शिक्षा मागण्यातच माझी वकिली गेली. पण खैरलांजीचं नाव काढलंत, तर ते प्रकरण निकालापासून नको, सुरुवातीपासून बघू.

भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे, अशी चार माणसं गावातल्या जमावानं मारली. हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आधीचे दिवस मात्र फार थोड्यांना आठवतात. कुटुंबाच्या जवळच्या एका माणसाला त्याच महिन्यात मारहाण झाली होती. या कुटुंबातल्या आईनं साक्ष दिली, मारणाऱ्यांना ओळखलं. अटक झाली, जामीन झाला. जामिनावर सुटलेली माणसं गावात परत आली आणि त्याच संध्याकाळी चौघांचा जीव गेला. म्हणजे कागदोपत्री यंत्रणा हलली होती. फिर्याद होती, ओळख पटवली होती, अटकही होती. साक्ष देणारी बाई मात्र त्याच गावात, दलितांच्या मोजक्या घरांपैकी एका घरात राहत होती. तिच्या शेतातून रस्ता काढण्याचा वाद त्याच गावाशी होता. तिला वाचवायला त्या संध्याकाळी कलम धावून येणार नव्हतं.

आता निकाल. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरलं. सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली. त्या दिवशी सगळे चिडले ते फाशी गेली म्हणून. मी चिडले ती दुसऱ्याच गोष्टीवर. दोन्ही कोर्टांनी अ‍ॅट्रॉसिटीची कलमं टिकू दिली नाहीत. हे सूडातून घडलं, जातीतून नाही, असं म्हटलं. अहो, खेड्यात जात बांधावरूनच चालते. रस्ता कुणाच्या शेतातून काढायचा, साक्ष देण्याची हिंमत कुणी करायची नाही, आणि केली तर कुठवर जायचं, हे सगळं जातीनंच ठरतं. पण तेव्हाचं कलम ३(२)(५) असं होतं की, ‘ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे या कारणावरूनच’ गुन्हा केला हे सिद्ध करावं लागायचं. आरोपी कशाला सांगेल त्याचं कारण काय होतं ते? २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, तेव्हा कुठे ‘जात माहीत असताना’ एवढं पुरेसं झालं. फाशीच्या घोषणा राज्यभर झाल्या. या दुरुस्तीसाठी संघटनांतली थोडी माणसं वर्षानुवर्षं दिल्लीच्या फेऱ्या मारत होती, त्यांच्या मागे मोर्चा नव्हता. भय्यालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले.

जरबेबद्दल विचारता, तर तेव्हाच्या नगर जिल्ह्यातली दोन प्रकरणं शेजारी ठेवा. खर्ड्याला एप्रिल २०१४ मध्ये एका शाळकरी मुलाला जिवे मारलं. दिवसाढवळ्या. खटल्यात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे निर्दोष सुटले. सोनईला जानेवारी २०१३ मध्ये तीन सफाई कामगार तरुणांना जिवे मारलं. तो खटला जिल्ह्याबाहेर, नाशिकला चालला, आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. कायदा तोच आणि जिल्हाही तोच. दोन निकालांत दोन महिन्यांचंसुद्धा अंतर नाही. साक्षीदाराला गावापासून किती लांब उभं करता येतं, त्यावर पुष्कळ काही ठरतं, असं माझं मत आहे. शिक्षा किती हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

साक्षीदार फितूर होतो म्हणजे काय, ते जवळून सांगते. माझ्या एका केसमधली बाई. मारहाण तिने आठ-दहा हातांवरून पाहिलेली, जबाब पोलिसांनी घेतलेला, स्पष्ट. साक्षीची तारीख लागली जानेवारीत. जानेवारीत आमच्याकडची वस्ती रिकामी असते हे कोर्टाला कोण सांगणार? ती नवऱ्याबरोबर कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेली. त्यांच्या कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, ऐंशी हजार उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली, आणि टोळीचा मुकादम आरोपीचा मेहुणा. रात्रीच्या एसटीने ती आली. एक दिवस फडात गैरहजर म्हणजे खाडा, तो उचलीत वाढणार. पिंजऱ्यात उभी राहिली. हातावर पाचटाचे ओरखडे. विचारलं तर म्हणाली, “म्या त्या टायमाला शेळ्याकडं होते. मला काय बी दिसलं न्हाई.” सरकारी वकिलांनी तिला फितूर घोषित करायची परवानगी मागितली, उलट प्रश्न विचारले, ती मान खाली घालून ‘नाही’ म्हणत राहिली. नंतर व्हरांड्यात मला म्हणाली, “बाई, तुमी खरं बोल म्हंता. उचल कोन फेडनार?”

तिला कुणी चाकू दाखवला नव्हता. पोलीस संरक्षण दिलं असतं तर तो शिपाई तिच्याबरोबर फडात ऊस तोडायला गेला असता का? आणि यात मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? साक्षीदाराला प्रवासखर्च, भत्ता आणि बुडालेल्या मजुरीइतका खर्च द्यायचा, असं या कायद्याच्या १९९५ च्या नियमांत, नियम ११ मध्ये, लिहिलेलं आहे. त्या दिवशी तिला परतीचं तिकीट आम्ही वकिलांनी वर्गणी काढून दिलं.

तेव्हा मोर्चा काढाल तेव्हा बॅनरवर ‘फाशी द्या’च्या खाली ‘नियम ११ चा भत्ता द्या, खटला जिल्ह्याबाहेर चालवा’ हेही लिहा. घोषणेला यमक जुळणार नाही, चालेल.

ताई, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. माझ्या शाळेच्या गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून मारामारी झाली. गुन्हा दाखल झाला, सहा जण आत गेले. पोलिसांची गाडी आठवडाभर उभी होती. ती गेली आणि वस्तीचं दळण बंद, किराणा बंद, कामाला बोलावणं बंद. तक्रार द्यायला गेलेल्यांना सांगितलं गेलं की कुणी कुणाला कामाला बोलवावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, यात गुन्हा काय? खरंच काही नाही?

आहे. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं, किंवा घालू अशी धमकी देणं, हा २०१५ च्या दुरुस्तीपासून अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मधला स्पष्ट गुन्हा आहे. महाराष्ट्राचा स्वतंत्र सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही २०१६ चा आहे, पण तो मुख्यतः जातपंचायतींच्या अनुभवातून आला. तुमच्या गावाला पहिला लागू पडतो. तक्रारीत ‘आमच्यावर बहिष्कार आहे’ एवढंच लिहू नका. कोणत्या तारखेला कोण दळण घेऊन गेलं, गिरणीवाला नेमकं काय बोलला, शेजारी कोण उभं होतं, बैठक मारुतीच्या पारावर झाली की कुणाच्या ओसरीवर, दंड किती ठरला, मोबाइलवर मेसेज फिरला असेल तर तो. तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, हे तक्रारीच्या शेवटी लिहूनच द्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. ती शेवटची कधी झाली ते माहितीच्या अधिकारात विचारा. या एका प्रश्नाने कार्यालयात जेवढी धावपळ होते तेवढी निवेदनांनी होत नाही.

इथवर कायदा झाला. आता खरं सांगते. गिरणीवाल्याला आत टाकून दळण सुरू होत नाही. तो बहुतेकदा स्वतःच भ्यालेला असतो. वस्तीचं दळलं तर तुझ्याकडे आमचं येणार नाही, असं त्याला सांगितलेलं असतं. मी एका गावात पाहिलं ते असं. वस्तीतल्या बचत गटाने कर्ज काढून स्वतःची गिरणी घातली. पहिल्या महिन्यात हप्त्याचे वांधे झाले. मग उन्हाळ्यात वरच्या आळीतल्या बायका मागच्या वाटेने डबे घेऊन येऊ लागल्या, कारण लाइट असेल त्या वेळेला, रात्री का असेना, हीच गिरणी चालू असायची. त्यांची मनं बदलली वगैरे काही नाही. पण बहिष्कार मोडला. आमची केस तेव्हा अजून दोषारोपपत्रावरच होती.

बाबासाहेबांना हे फार आधी कळलेलं होतं. अस्पृश्यांच्या आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या ज्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते, तिच्या १९३० च्या अहवालात मुंबई इलाख्यातल्या खेड्यांचं चित्र आहे: हक्क बजावला की जमिनीवरून हुसकणं, काम बंद, वाण्याचं दुकान बंद. त्याच वर्षी गोलमेज परिषदेत त्यांनी बहिष्काराला गुन्हा ठरवा अशी मागणी केली आणि त्यासाठी १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. म्हणजे शिक्षेचं कलम त्यांनाही हवं होतंच. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे संविधान सभेसाठी जे निवेदन केलं, त्यात सरकारी पडीक जमिनींवर स्वतंत्र वसाहती मागितल्या. गावाच्या रोजगारावर जगणारा माणूस गावाविरुद्ध हक्क मागू शकत नाही, हा त्यामागचा हिशेब. दादासाहेब गायकवाडांनी पुढे भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो याच हिशेबाने. आज त्यांच्याच नावाची सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे: चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात सरकारच्या दरात गावात कुणी जमीन विकत नाही, आणि जो विकायला निघतो त्याला भावकी थांबवते.

अ‍ॅट्रॉसिटीच्या नियमांचं परिशिष्ट एकदा मिळवून वाचा. खून झालेल्याच्या कुटुंबाला सव्वाआठ लाखांची मदत, महिन्याला पेन्शन, एकाला नोकरी, मुलांचं पदवीपर्यंतचं शिक्षण, शेतजमीन आणि घर, आणि गरज पडली तर जमीन सरळ विकत घेऊन द्यायची, तीन महिन्यांत. हा सुद्धा कायदाच आहे. पोलीस ठाण्यात याची पानं कुणी उघडत नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या बार रूममध्येही नाही. सगळा जोर कलम कोणतं लागलं आणि जामीन मिळाला की नाही यावर. माझं म्हणणं एवढंच आहे की कायद्याचा हा मागचा अर्धा भाग चालला असता, तर पुढच्या अर्ध्याला थोडे दात आले असते.

वकीलबाई, मी जालना जिल्ह्यातला मराठा शेतकरी. माझ्या पुतण्यावर अ‍ॅट्रॉसिटी झाली. भांडण बांधाचं होतं, जातीचा काही संबंध नव्हता. या कायद्याचा गैरवापर होतो आणि त्यानेच द्वेष वाढतो. आधी आमच्या गावात एकोपा होता. हा कायदा रद्द झाला तर उलट शांतता होईल, असं तुम्हाला वाटत नाही का? राग मानू नका.

राग कशाचा, भाऊ? तुम्ही समोरासमोर विचारलंत. पण शाबासकीची पत्रं आली म्हणून मी घाबरले असं वर म्हटलं, ती तुमच्यासारख्या मताचीच होती.

खोट्या केसेस होतात का? होतात. सगळ्याच कायद्यांखाली होतात. आमच्या भागातली जास्त ओळखीची तऱ्हा तुम्हालाही माहीत असेल: दोन पुढाऱ्यांचं भांडण, आणि एका गटाने आपल्या सालगड्याला पुढे करून दुसऱ्यावर टाकलेली केस. त्या सालगड्याला यात ना मान ना धन. हे बंद व्हायला हवं, तर आधी त्या पुढाऱ्यांना विचारा. दुसरं, निर्दोष सुटला म्हणजे केस खोटी होती, असं गणित मांडू नका. २०२२ मध्ये देशभरात या कायद्याखाली दोषसिद्धी साधारण एक तृतीयांश प्रकरणांत झाली. उरलेल्यांत वरच्या त्या ऊसतोड बाईसारखे किती, हे त्या आकड्यात दिसत नाही. आणि उलट फिर्याद तुम्ही विसरलात. वस्तीवरच्यांनी अ‍ॅट्रॉसिटी टाकली की त्याच रात्री त्यांच्यावर दरोड्याची नाहीतर विनयभंगाची फिर्याद होते. मग दोन्ही बाजूंनी ‘मिटवून घ्या’. बहुतेक तडजोडी अशाच होतात.

तुमच्या पुतण्याच्या केसबद्दल: शिवीगाळ किंवा अपमान ‘लोकांच्या नजरेसमोर’ झाला पाहिजे, ही अट कायद्यात आहेच. चार भिंतींच्या आत झालेलं बोलणं त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उत्तराखंडच्या एका जमीनवादाच्याच प्रकरणात म्हटलंय. प्रथमदर्शनी गुन्हा दिसत नसेल तर अटकपूर्व जामीनही मिळू शकतो. तेव्हा चांगला वकील बघा, कायदा रद्द करायची गरज पडणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ च्या निकालातल्या निर्देशांनी कायदा पातळ केला तेव्हा काय झालं? २ एप्रिलला भारत बंद, ऑगस्टमध्ये संसदेची दुरुस्ती, आणि १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टाने स्वतःच ते निर्देश मागे घेतले. त्या दीड वर्षात कोणत्या गावात एकोपा वाढला?

तुमच्या गावात आधी एकोपा होता, की एका बाजूनं मुकाट राहणं होतं, हे वस्तीवर जाऊन विचारा. चहा पिऊन या तिथे. आणि तो तुमच्यासाठी वेगळ्या कपात येतो का, की तुमच्या घरी त्यांच्यासाठी वेगळा कप आहे, तेही मला कळवा.

एवढं मात्र तुमच्याशी सहमत आहे की केस पडल्यावर गावातला राग वाढतो. पण तो वाढतो कारण आजवर न विचारता चालत आलेल्या गोष्टीला कुणीतरी कोर्टात नेलं. त्यावर उपाय म्हणून कोर्ट बंद करायचं?

मी चेंबूरला राहतो, नोकरी करतो. माझं म्हणणं उलट टोकाचं आहे. रमाबाई नगरात गोळ्या कुणी झाडल्या? परभणीत काय झालं? ज्या पोलिसांकडून आमची माणसं मेली त्यांच्याच हातात आमच्या संरक्षणाचा कायदा. ही फसवणूक नाही का? पोलीस-कोर्ट सोडून आपापलं संरक्षण आपण का करू नये?

फसवणूक म्हणा. तुमच्या उदाहरणांवर वाद घालायला माझ्याकडे काही नाही. ११ जुलै १९९७, घाटकोपर. पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयात दोषी धरायला २००९ उजाडलं. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली, त्यानंतर धरपकड झाली, आणि कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मेला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा हा आदेश मिळवायला त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावं लागलं. तो आला जुलै २०२५ मध्ये. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ४ कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष कैद सांगतं. या कलमाखाली आत गेलेला अधिकारी माझ्या पाहण्यात नाही.

तरीही ‘सोडून द्या’ असं मी म्हणणार नाही, आणि त्यामागे भाबडेपणा नाही. चेंबूरला वस्ती हजारोंची आहे. माझ्याकडे येणारी फिर्यादी मंडळी चार घरांची, सहा घरांची आहेत. त्यांनी आपलं संरक्षण आपण करायचं ठरवलं तर पहिल्या रात्रीच काय होईल ते तुम्हाला कळतंय. महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहाहून परतणाऱ्यांना मारहाण झाली, तेव्हा बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं होती, उलटून मारण्याची ताकद होती आणि इच्छाही होती. त्यांनी थांबवलं आणि फिर्याद केली. काही हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळ्याच्या पाण्याचा दावा मात्र उच्च न्यायालयात १९३७ ला सुटला. दहा वर्षं! मारणाऱ्याला शिक्षा चार महिन्यांची, पाण्याचा हक्क दहा वर्षांनी. या दोन गोष्टींचा वेग एवढा वेगळा आहे, आणि आपण अजून फक्त पहिल्या गोष्टीसाठी भांडतो.

माझ्या लेखी एफआयआरचा उपयोग मर्यादित आहे, पण ठरलेला आहे. त्या कागदावर सरकार लिहून देतं की तुझ्यावर जे झालं तो अत्याचार आहे. तो कागद नसेल तर मदत नाही, पेन्शन नाही, जमीन नाही. पोलिसांवर विश्वास ठेवा असं मी कुणालाच सांगत नाही. त्यांच्याकडून पोच घ्या, एवढंच सांगते.

धुळ्याजवळ २०१८ मध्ये भिक्षेकऱ्यांना जमावाने मारलं, त्याला हा कायदा लागला होता का? (एक वाचक, मंगळवेढा)

राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मारले गेलेले पाच जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, तुमच्याच तालुक्याकडचे. हा समाज भटक्या जमातींत येतो, अनुसूचित जाती-जमातींत नाही. म्हणून अ‍ॅट्रॉसिटी लागू नव्हती. खटला खुनाचा चालला आणि २०२४ मध्ये धुळ्याच्या कोर्टात सात जणांना जन्मठेप झाली. निमित्त मुलं पळवणाऱ्या टोळीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेचं. पण जमावाने अफवा कुणाला चिकटवली? फिरस्त्यांना. ‘यांचं काही सांगता येत नाही’ ही समजूत अफवेच्या आधीची, आणि त्याबद्दल कोणत्याच कलमात काही नाही. भटक्या-विमुक्तांच्या संघटना संरक्षणाचा कायदा मागतात ते बरोबरच आहे. पण मला विचाराल तर त्यांना आधी राहायला पत्ता आणि रेशनकार्ड द्या. गावात ज्याला कुणी ओळखत नाही तोच सगळ्यात आधी मार खातो.

मी नांदेडची. माझा मुलगा दहावीत आहे. त्याने वर्गातल्या एका मुलावर मोबाइलच्या स्टेटसला जातीवरून घाणेरडं लिहिलं. आम्ही सवर्ण आहोत, तो मुलगा मातंग समाजाचा. मुख्याध्यापक म्हणतात आपसात मिटवा. त्या मुलाचे वडील पोलिसांत जायचं म्हणतात. मी आई आहे, पण मला हे दाबायचंही नाही. काय करू?

या सगळ्या पत्रांत मला सगळ्यात जास्त वेळ याच पत्राने घेतला.

आधी कायदा. तुमचा मुलगा अल्पवयीन आहे. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अल्पवयीनावर साधारणपणे एफआयआर होत नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद, घरच्या परिस्थितीचा अहवाल, आणि पुढे बाल न्याय मंडळ. तिथे तुरुंग नाही. समुपदेशन, समाजसेवा असं काही होईल. तेव्हा ‘आयुष्य बरबाद होईल’ म्हणून जे नातेवाईक तुम्हाला फोन करत असतील, त्यांना हे सांगा. आणि त्या वडिलांना पोलिसांत जाण्यापासून अडवू नका. सांगून, पैसे देऊन, कुणाच्या ओळखीने, कसंही नाही. तो त्यांचा हक्क आहे. आणि त्यांनी जायचं ठरवलं तर स्टेटसचा स्क्रीनशॉट तुम्ही स्वतः त्यांना द्या.

आता ‘आपसात मिटवा’. हात उचलला असेल, बाईच्या अंगाला हात लावला असेल, घर जाळलं असेल, तिथे तडजोड म्हणजे दुसऱ्यांदा मारणं. माझ्या ऑफिसात अशी तडजोड मी टाइप करत नाही. पण पंधरा वर्षांच्या पोराने लिहिलेलं स्टेटस ही वेगळी गोष्ट आहे. इथे शिक्षेपेक्षा उपयोगी पडेल असं काही करता येतं, फक्त मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये नाही. केबिनमधल्या माफीचा अर्थ मुलं एवढाच घेतात की पकडलं म्हणून बोलावं लागलं. स्टेटस किती जणांनी पाहिलं? तेवढ्यांसमोर माफी झाली पाहिजे. त्याच फोनवर, त्याच ठिकाणी, आणि वर्गात उभं राहून. पण आधी त्या मुलाला एकट्याला विचारा, त्याला हे वर्गात हवंय का. पुन्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरच जाणार असतील आणि तो नको म्हणाला, तर नको. त्याच्या बाजूने त्याला काय हवंय हे आजवर त्याला कुणी विचारलेलंच नसेल.

आणि मुलाला विचारा, तो शब्द त्याने पहिल्यांदा कुठे ऐकला. शाळेत, क्लासमध्ये, की घरी जेवताना. त्याचं उत्तर लिहून काढा आणि पुढच्या महिन्यात मला पाठवा. त्या मुलाच्या वडिलांना माझा पत्ता संपादकांकडून मिळेल. त्यांना पोलिसांत जायचं असेल तर तक्रारीचा मसुदा मी करून देईन, फी नाही.